पाक सनुसी खोली आवरतात

जाकार्ताच्या माणसात वाईट काही नसतं, फक्त त्याला सगळं स्वतःच करायची खोड असते. पाक सनुसींना, म्हणजे सनुसीरावांना, ती खोड जन्मापासून होती. नाहीतर आमच्या सोलो शहरातल्या गल्लीत, भर दिवसा, एकट्याने, कुणाला न सांगता न विचारता कुणी खोली आवरायला काढली असती का? इथे माणूस अंगणातलं पेरूचं झाड छाटायचं म्हटलं तरी आधी चार घरी चहा पितो. झाड तेवढ्यात आणखी वाढतं, ते सोडा. पण कुणाचं मन दुखावत नाही.

खोली म्हणजे सासूबाईंच्या घराची पुढची, गल्लीकडे खिडकी असलेली. सनुसी तिला 'ऑफिस' म्हणत. सासूबाई तिला 'सामानाची खोली' म्हणत, आणि खरं सांगायचं तर खोलीचं स्वतःचं मत सासूबाईंच्याच बाजूने होतं. या सासूबाई म्हणजे म्बाह कार्सिना. साऱ्या गल्लीची आजी म्हणून सगळे तिला म्बाह म्हणत. सनुसी 'इबू' म्हणत, म्हणजे आई, कारण जावयाला दुसरा पर्याय नसतो.

म्बाहने आयुष्यात काहीही टाकलेलं नव्हतं. बिस्किटांचे पत्र्याचे चौकोनी डबे छतापर्यंत रचलेले. त्यांत बिस्किटं सोडून सगळं होतं. दिवंगत सासऱ्यांच्या कवड्यांचे पिंजरे होते. कवडे सासऱ्यांच्या आधीच गेले होते. गेल्या तीस वर्षांत शहरात जेवढी लग्नं झाली, त्या सगळ्यांत पाहुण्यांना वाटलेले पंखे, पेले, नखं कापायच्या कात्र्या, सगळ्यांवर नवरानवरीची नावं छापलेली. त्यातल्या निम्म्या जोडप्यांनी एकमेकांना केव्हाच टाकून दिलं होतं, पण त्यांचे पेले म्बाहने टाकले नव्हते. शिवाय गल्लीच्या मालकीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कारण गल्लीच्या मालकीचं काहीही ठेवायला म्बाहचंच घर. आणि या सगळ्याच्या मधोमध सागवानी कपाट, इतकं मोठं, की आधी ते ठेवून मग भोवती घर बांधलं असावं.

सनुसींचं स्वतःचं सामानही थोडंथोडकं नव्हतं हो. बंद पडलेले दोन प्रिंटर होते, आणि कुठल्या यंत्राच्या हे कुणालाच ठाऊक नाही अशा वायरींची एक भरगच्च पिशवी होती. पण त्याला ते 'सामान' म्हणत नसत, 'साहित्य' म्हणत.

"इबू, हे डबे थोडे कमी करूया का?" असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं होतं.

"करूया की," म्बाह म्हणाली. "मी मेल्यावर."



एरवी ते डब्यांच्या आणि पिंजऱ्यांच्या बेचक्यात लॅपटॉप ठेवून विमा कंपनीचं काम करत राहिलेही असते. पण कंपनीच्या डोक्यात नवीन किडा वळवळला. घरून काम करणाऱ्यांची खोली म्हणे कॅमेऱ्यातून तपासायची. टेबल नीट हवं, मागे कोरी भिंत हवी, माणसांची वर्दळ नको, आवाज नको. खोली पसंत पडली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून जाकार्ताच्या कचेरीत हजर. तपासणार कोण, तर मुख्य कचेरीतल्या बू मेरलिन, म्हणजे मेरलिनबाई, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. वेळ गुरुवारी दुपारी दोनची.

जाकार्ता म्हणजे काय ते सनुसींना चांगलं ठाऊक होतं. सासरे आजारी पडले तेव्हा बायको वुर्यानी सोलोत येऊन राहिली, आणि सनुसींनी दोन वर्षं जाकार्तात एका भाड्याच्या खोलीत काढली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने नूडल्स उकळत बायकोशी फोनवर भांडावं, यासारखी शिक्षा नाही. भांडण संपलं की रुसायलासुद्धा समोर कुणी नसतं. आठ महिन्यांपूर्वी घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हा हा माणूस रेल्वेने नव्हे, उडतच सोलोला आला होता. 

वुर्यानीला त्यांनी हे सांगितलं. सासूला नाही. सासूच्या घरात राहणाऱ्या जावयाकडे अब्रू म्हणून एवढीशी काहीतरी उरलेली असते. 'मला कंपनी परत बोलावतेय' हे सांगून तीही घालवायची का?

"तू फक्त गुरुवारी इबूंना क्लातेनला मावशीकडे घेऊन जा," त्यांनी बायकोला सांगितलं. "संध्याकाळी परत या. तोवर मी सगळं आवरतो, तपासणी उरकतो, आणि त्यांना कळायच्या आत सगळं परत आत ठेवतो."

"एकट्याने? पाक सुत्रिमोंना तरी सांगा, चार माणसं देतील."

"चार माणसं आली की चाळीस सल्ले येतात," सनुसी म्हणाले. "मी करतो."

गुरुवारी सकाळी म्बाह रिक्षात बसता बसता मागे वळली. "माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

"इंग्गीह," सनुसी म्हणाले.

या इंग्गीहबद्दल सांगितलंच पाहिजे. सोलोत थोरांशी आणि दुःखाच्या प्रसंगी बोलायची आदराची भाषा निराळी असते. सनुसींना रोजची कशीबशी समजे. आदराची मात्र पार डोक्यावरून जाई. वुर्यानीने तोडगा काढून दिला होता: कळलं नाही तर मान लववायची आणि 'इंग्गीह' म्हणायचं, म्हणजे 'होय जी'. तेव्हापासून ते नक्की कशाकशाला हो म्हणाले, ते त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. मशिदीच्या गटारसमितीचे ते सदस्य झाले ते असेच.

रिक्षा वळणाआड गेली आणि सनुसींनी बाह्या सरसावल्या.

डबे निघाले, पिंजरे निघाले, पंख्यांच्या गोण्या निघाल्या. सगळं गल्लीत, भिंतीला लावून. समोरच्या घरातून बू येक्ती बाहेर आल्या. या बाई गल्लीतलं पान हललं तरी बाहेर येतात, इथे तर अख्खं घर हलत होतं.

"पाक सनुसी, खोली रिकामी करताय वाटतं?"

"हो. जरा जागा हवी होती."

"अख्खी?"

"अख्खी."

"आणि म्बाह?"

"क्लातेनला गेल्या. त्या नसताना केलेलंच बरं."

"हं," बू येक्ती म्हणाल्या. "पिंजरे उन्हात ठेवू नका, बांबू तडकतो. आणि ते डबे असे रचू नका, म्बाह उघडी बाजू भिंतीकडे ठेवते. आणि वाकून उचलू नका, कंबर धरेल." एवढं बोलून त्या चुलीवरची टेम्पे, म्हणजे सोयाबीनची वडी, उलटायला आत गेल्या. टेम्पे करपली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती करपली, दुसरी तळावी लागली, आणि बाई जरा जास्त वेळ आत राहिल्या.

तेवढ्यात कपाट निघालं. निघालं म्हणजे आधी दारात अडकलं. सनुसींनी ओढलं, ढकललं, त्याच्याशी प्रेमाने बोलून पाहिलं, शेवटी जाकार्ताच्या भाषेत त्याच्या आईवडलांची चौकशी केली. तेव्हा ते एकदम सुटलं आणि थेट गल्लीच्या वळणावर जाऊन तिरपं उभं राहिलं. ते काही तिथून हलेना. सनुसी खांदा लावून थकले. एवढ्यात एक मोटारसायकल वळणावरून आली, मागे बदकांची टोपली, आणि कपाटाला घासून गेली. बदकांनी जो कलकलाट केला तो आदराच्या भाषेत नव्हता.

आता हे कपाट कुणाच्या डोक्यात बसलं तर? जबाबदार नागरिक होते बिचारे. ऑगस्टात झेंडा लावायचा लांब बांबू दारामागे होता. स्वातंत्र्यदिनाच्या पताकांतला लाल कापडाचा तुकडा डब्यात होता. त्यांनी तो बांबूला बांधला, बांबू कपाटाच्या कडीत खोवला, आणि लांबूनही दिसेल असं लाल फडकं वळणावर फडकायला लागलं. धोका म्हटलं की लाल. कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल.

जाकार्तात कुणी वारलं की गल्लीच्या तोंडाशी पिवळं निशाण लावतात. सोलोत लाल लावतात. एवढंच काय ते सनुसींना ठाऊक नव्हतं. सासरे गेले तेव्हा ते जाकार्ताहून पोचेपर्यंत निशाण उतरलं होतं, आणि पुढे ते कळावं म्हणून त्या आठ महिन्यांत आमच्या गल्लीत कुणी मरायचं सौजन्यही दाखवलं नव्हतं.

बू येक्ती टेम्पेची ताटली घेऊन बाहेर आल्या, आणि जागीच थिजल्या. वळणावर लाल निशाण. सनुसी गल्लीच्या खुर्च्या एकेक करून बाहेर आणून ओळीत मांडतायत. आणि तीस वर्षांच्या धुळीने त्यांचे डोळे लालबुंद, नाकातून पाणी, गालावरून धारा.

बाईंच्या डोक्यात सगळा हिशेब क्षणात जुळला. म्हणून हा सकाळपासून पुढची खोली मोकळी करतोय! मयत ठेवायला जागा नको का? म्बाह क्लातेनला गेली ती गेलीच. जाताना चेहरा उतरलेलाच होता. त्या नसताना केलेलं बरं, म्हणाला बिचारा!

कुणालाही वाटेल, सरळ विचारायचं होतं. पण कोण गेलं, हे दुःखातल्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, ही काय रीत झाली? आपलं आपल्याला कळायला हवं. बू येक्तींनी पदराआड, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाआड, हुंदका दाबला, घरात जाऊन वुर्यानीला फोन लावला, पलीकडून "हॅलो काकू?" ऐकल्याबरोबर यांना जो कढ आला तो आवरेना, आणि एक शब्द न बोलता त्यांनी फोन ठेवला. मग त्या मागच्या दाराने गल्लीप्रमुखांकडे, पाक सुत्रिमोंकडे धावल्या.

पाक सुत्रिमो हे निवृत्त पोस्टमास्तर. लग्न, बारसं, मयत, कुठल्याही प्रसंगी काय करायचं ते त्यांना पाठ. ते काळी टोपी चढवून आले, सनुसींचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि अत्यंत शुद्ध, अत्यंत उच्च अशा आदराच्या भाषेत बराच वेळ बोलले.

सनुसींना त्यातलं 'सनुसी' तेवढं कळलं. वळणावर कपाट ठेवल्याबद्दल तक्रार असणार, दुसरं काय! त्यांनी मान खाली घातली. "इंग्गीह."

"मयत आजच येणार ना?" हेही त्याच भाषेत.

"इंग्गीह."

"मग दुपारच्या नमाजानंतर सगळं उरकून घेऊ. मांडव घालायचा ना?"

"इंग्गीह."

"साठ माणसांचा भात टाकायला सांगतो."

"इंग्गीह, इंग्गीह," सनुसी म्हणाले, आणि शिंकले. पाक सुत्रिमोंनी ती शिंक हुंदका समजून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. 'किती सोशीक माणूस,' ते नंतर सगळ्यांना सांगत होते. 'जाकार्ताचा असून.'

दीड वाजत आला होता. सनुसींना घाम फुटला. कपाट बाहेर, खुर्च्या बाहेर, पण खोलीत फरशीवर बोटभर धूळ, कोपऱ्यात जाळ्या. आधी स्वतः माणसात यावं म्हणून ते न्हाणीघरात शिरले आणि डोक्यावर तांब्यामागून तांबे ओतायला लागले. त्या धबधब्यात मशिदीच्या कर्ण्यावरून म्बाह कार्सिना यांच्या दुःखद निधनाची बातमी दोनदा सांगितली गेली, तीही त्यांच्या कानावरून वाहून गेली.

तपासणीसाठी म्हणून काढून ठेवलेला गडद रंगाचा नीट शर्ट घालून ते बाहेर आले, आणि खोलीच्या दारात उभेच राहिले.

खोली चकचकीत झाली होती. फरशी पुसलेली, जाळ्या काढलेल्या, खिडकीच्या काचा धुतलेल्या. त्यांचं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं, वर लॅपटॉप, धूळ झटकून. जमिनीवर चटया. बाहेर डोकावले तर अंगणावर मांडव चढलेला, कपाट सहा जणांनी उचलून पाक सुत्रिमोंच्या पडवीत नेलेलं, त्यातला लाल फडक्याचा बांबू वळणावरच भिंतीला उभा केलेला, मागच्या अंगणात पातेली चढलेली. जो तो गुपचूप काम करत होता. त्यांना पाहून लोक मान लववत होते.

 जाकार्तात शेजारच्या खोलीतल्या माणसाने दोन वर्षांत नाव विचारलं नव्हतं. आणि इथे न बोलावता, न सांगता अख्खी गल्ली एका माणसाची खोली आवरायला धावून आली! आणि आपण म्हणे चार माणसं नकोत!

"मी... मला शब्द सुचत नाहीत," ते बू येक्तींना म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं..."

"रडून घ्या," बू येक्ती म्हणाल्या. "मोकळं व्हा."

ते थोडं रडलेही. मग डोळे पुसून लॅपटॉपसमोर बसले. फोन त्यांनी सकाळीच बंद केला होता, आवाज नको म्हणून. दोन वाजले, आणि पडद्यावर बू मेरलिन अवतरल्या.

"पाक सनुसी. टेबल दाखवा." दाखवलं. "उजेड?" खिडकी दाखवली. "हं. मागची भिंत?"

सनुसी मोठ्या अभिमानाने बाजूला सरले. मागे गल्लीतल्या बायका डोक्यावर रुमाल घेऊन चटयांवर ओळीने बसल्या होत्या, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांनी एका सुरात मृतासाठी म्हणायचा पाठ सुरू केला.

 बू मेरलिन म्हणाल्या, "पाक सनुसी, तुमच्या मागे भिंत दिसत नाहीये."

"एक मिनिट, बाई," सनुसी घाबरे झाले. पाठ कसला आणि कशाला, त्यांना काहीच उमगेना. मागे वळून त्यांनी हातवारे केले, पण बायकांनी डोळे मिटलेले. तेव्हा पाक सुत्रिमो पुढे आले. पडद्यावर शहरी बाई पाहून त्यांनी आदराची भाषा बाजूला ठेवली आणि साध्या सरळ भाषेत, जी साऱ्या देशाला कळते आणि सनुसींनाही कळते, सांगितलं:

"माफ करा, बाई. घरात दुःख झालंय. यांच्या सासूबाई, म्बाह कार्सिना, आज सकाळी क्लातेनला वारल्या. मयत वाटेवर आहे."

सनुसी खुर्चीतून उठले आणि परत बसले.

"इबू गेल्या? कधी? मला कुणी सांगितलं नाही..."

बिचाऱ्याला अजून खरंच वाटत नाही, असं म्हणून बायकांनी पाठ थांबवला.

"अहो, मीच पाठवलं त्यांना!" सनुसी एकदम ढसाढसा रडायला लागले. कॅमेरा चालू आहे, जाकार्ता बघतंय, कशाचं भान राहिलं नाही. "या डब्यांसाठी! या दळभद्री खोलीसाठी! सकाळी डब्यांना हात लावू नको म्हणाल्या, आणि मी तोंडावर हो म्हटलं... रोज माझ्या चहात साखर कमी घालायच्या. मला वाटायचं, साखर वाचवतायत. परवा वुर्यानी म्हणाली, तुमच्या वडलांना मधुमेह होता ना, म्हणून इबू मोजून घालते. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही!"

बू येक्ती तोंडात रुमाल कोंबून रडत होत्या.  आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मागोमाग एक हंबरडा.

"अरे सनुसी! अरे माझ्या लेकरा!"

हा आवाज आमच्या गल्लीत कुणाला ओळखू यायचा राहिला नव्हता. गेली साठ वर्षं तो दुधात पाणी घालणाऱ्यांपासून पाक सुत्रिमोंपर्यंत सगळ्यांवर चालला होता.

झालं होतं असं, की येक्तीकाकू फोनवर नुसती रडली म्हटल्यावर वुर्यानीच्या काळजाचं पाणी झालं. घरी तर एकटा नवराच. त्याचा फोनही बंद. दोघी मायलेकी मिळेल त्या गाडीने निघाल्या. गल्लीच्या वळणावर लाल निशाण, पुढे मांडव. मग काय विचारायचं राहिलं?

"मेल्या, जायचंच होतं तर सांगून जायचंस!" म्बाह मांडवातून वाट काढत येत होती, आणि लोक भिंतीला चिकटून तिला वाट देत होते, कारण जिच्यासाठी भात टाकला ती व्यक्ती स्वतःच्या पायांनी चालत येताना कुणी पाहिलेली नसते. "सकाळी नीट बोललेसुद्धा नाही रे तुझ्याशी! सारखी टाकून बोलले. मला मुलगा नव्हता. सगळ्या जगाला सांगत होते, म्हातारपणी झालाय मला मुलगा, जरा बावळट आहे पण माझा आहे. तुला तेवढं सांगितलं नाही..."

बू येक्तींच्या हातातलं चहाचं तबक पडलं. म्बाह खोलीच्या दारात आली. टेबलाशी सनुसी, गडद शर्ट, नाक लाल.

"तुम्ही जिवंत आहात?" सनुसी म्हणाले.

"तू जिवंत आहेस?" म्बाह म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्बाहने हातातली क्लातेनहून आणलेल्या पापडांची पिशवी उचलली आणि जावयाच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा, पापडांचा चुरा होईपर्यंत. आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मागून वुर्यानी आली. तिने नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो निळा डाग पुढे आठवडाभर होता. सनुसींनी तो कुणाला दाखवला नाही, पण लपवलाही नाही.

"एक मिनिट," पाक सुत्रिमो कपाळ धरून म्हणाले. "मग निशाण कुणी लावलं?"

"मीच," सनुसी म्हणाले. "कपाटाला कुणी धडकू नये म्हणून."

"लाल?"

"धोक्याचं लालच असतं ना? मयताचं पिवळं असतं..." आणि बोलता बोलता भोवतीच्या साठ चेहऱ्यांवरून त्यांच्या सगळं लक्षात आलं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण ती नुकतीच पुसलेली होती.

"पाक सनुसी," पडद्यावरून आवाज आला. सगळे दचकले. "नक्की कोण वारलंय?"

"कुणीच नाही, बाई."

"मग मी तपासणी पुढे चालू ठेवू का? कारण आत्तापर्यंत जे पाहिलं त्यावरून सोमवारी तुम्हाला जाकार्तात..."

"ही कोण बाई?" म्बाहने विचारलं. "आणि सोमवारी जाकार्तात काय?"

 वुर्यानीने सांगितलं. खोली, भिंत, आवाज, तपासणी, सगळं. सनुसी टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिले. राखून ठेवलेली तेवढीशी अब्रूही गेली, पण आता तिचं काही वाटेना.

म्बाहने खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसली, इतकी जवळ की जाकार्तात बहुतेक तिचं नाकच दिसलं असेल.

"ए पोरी. ऐक. भिंत हवीय ना तुला?"

"नियमात तसं..."

"भिंत देते. शांतता देते. टेबल पुसून देते. पण हा माणूस मागू नकोस. आज दुपारी मी याच्यासाठी एकदा रडून आलेय. माझं वय बघ. पुन्हा रडायचं बळ नाहीये माझ्यात." मग ती वळली. "येक्ती, उठा सगळ्या! सरका! आणि जो कुणी तोंडातून आवाज काढेल, त्याच्या लग्नाचा पेला मी त्याच्याच डोक्यात फोडीन."

साठ माणसं भिंतीपासून दूर झाली, दाराबाहेर, खिडकीखाली, मांडवात. मागे पांढरी स्वच्छ भिंत उरली. स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर कुणीतरी हात ठेवला. बाहेर मोटारसायकल आली, तिचं इंजीन बंद करून लोकांनी ती ढकलत नेली. आमची गल्ली तशी गप्प बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. तोंड बंद ठेवायला बू येक्तींनी तर स्वतःचा श्वाससुद्धा रोखला होता, पुढे त्यांना पाणी द्यावं लागलं.

बू मेरलिननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ त्यांनी भिंत तपासली. भिंतीत एवढं बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

"खोली ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता. "वर्दळ दिसली नाही." आणि पडदा बंद झाला.

मग जो गलका झाला तो पार मशिदीपर्यंत ऐकू गेला. भात साठ जणांचा झालाच होता. पाक सुत्रिमोंनी पोस्टमास्तरी आवाजात जाहीर केलं की अन्न वाया घालवायचं नाही, प्रार्थना दोघांच्या दीर्घायुष्याची करायची. लोक जेवले. आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून म्बाहने स्वतःच्या हाताने प्रत्येकाला एकेक पंखा, एकेक पेला दिला. बू येक्तींना दोन डबे दिले, त्यांनी ते उघडी बाजू भिंतीकडे करून ठेवले. पिंजरे मात्र तिने कुणाला दिले नाहीत, आणि कुणी मागितलेही नाहीत.

शुक्रवारी सकाळी सनुसी मोकळ्या, उजेडाच्या, अखेर ऑफिस म्हणता येईल अशा खोलीत कामाला बसले. पाच मिनिटांनी म्बाह आली. हातात शेंगांची टोपली. भिंतीपाशी, कॅमेऱ्याच्या जरा बाहेर, चटई टाकून शेंगा सोलायला बसली.

"इबू, इथे?"

"तू काम कर. माझं लक्ष नाही तुझ्याकडे."

ते काम करायला लागले. जाकार्ताची बैठक सुरू झाली. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"सनुसी."

"काय, इबू?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

"आहे."

पुन्हा थोड्या वेळाने, "सनुसी." पुन्हा तेच. बैठकीतली मंडळी कान टवकारायला लागली. तेव्हा सनुसी हळूच म्हणाले, "इबू, इथे आवाज चालत नाही हो."

म्बाहने विचार केला. "मग तू असं कर. अधूनमधून खोकत जा. म्हणजे मला हाक मारायला नको."

तेव्हापासून पाक सनुसी कुठल्याही बैठकीत ठरावीक वेळाने खोकतात. मागे शेंगा सोलल्याचा आवाज क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. जाकार्ताच्या कचेरीत सगळ्यांचं मत झालंय की सोलोची हवा त्यांना मानवत नाही.